औषध लागू पडले की नाही, हे पाहायचे कोणी?

२०२५ सालच्या जुलै महिन्यात म्हैसूरच्या जयदेव हृदयरोग संस्थेत तपासणीसाठी लोकांची झुंबड उडाली. शेजारच्या हासन जिल्ह्यात थोड्याच दिवसांत हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंच्या बातम्या एकामागून एक येत होत्या. मृतांत तरुणही होते. त्यामुळे धडधाकट माणसेदेखील ‘एकदा ईसीजी काढून घेऊ’ म्हणत रांगेत येऊन उभी राहिली. पुढे राज्य शासनाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीला या मृत्यूंत नेहमीपेक्षा वेगळी अशी वाढ आढळली नाही, आणि गर्दी ओसरली. ऑक्टोबर २०२१ मध्ये अभिनेते पुनीत राजकुमार यांचे वयाच्या ४६ व्या वर्षी निधन झाले, तेव्हाही कर्नाटकातल्या हृदयरोग रुग्णालयांनी अशीच लाट अनुभवली होती.

भीती वाटणे स्वाभाविक आहे आणि तपासणी करून घेण्यात गैर काही नाही. परंतु त्या रांगेचा प्रश्न एकच होता: ‘मला झटका येईल का?’ ज्यांना झटका येऊन गेला आहे, जे उपचार घेऊन घरी परतले आहेत आणि ज्यांच्या उशाशी गोळ्यांची पिशवी आहे, त्यांचा प्रश्न निराळा आहे: ‘दिलेली गोळी मला लागू पडते आहे का?’ दुसऱ्या झटक्याचा धोका याच लोकांना अधिक असतो. तरीही या प्रश्नासाठी रांग लागत नाही, बातमी होत नाही आणि समितीही नेमली जात नाही. म्हैसूरसारख्या शहराने हा दुसरा प्रश्न आता गांभीर्याने हाती घ्यावा. तो हाती घेताना सुरुवात जनुकचाचणीच्या यंत्रापासून करू नये. रुग्णाच्या गोळ्यांच्या पाकिटापासून करावी.

असे का म्हणायचे, हे समजण्यासाठी आधी या औषधांचे काम समजून घ्यायला हवे.

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमनीच्या आतल्या भिंतीवर वर्षानुवर्षे मेदाचा थर साचतो. हा थर एखाद्या दिवशी फाटतो. शरीराला ती जखम वाटते आणि जखम बुजवण्यासाठी रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे बिंबिका, तिकडे धाव घेतात. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात आणि प्रत्येकीचे आयुष्य सात ते दहा दिवसांचे असते. बोट कापले असता याच पेशी रक्तस्राव थांबवतात. धमनीच्या आत मात्र त्यांचे हे इमानदार काम जिवावर बेतते. गुठळी धरते, वाट बंद होते आणि त्या वाटेवर अवलंबून असलेला हृदयाचा स्नायू मरू लागतो.

प्लेटलेट एकमेकींना रसायनांच्या द्वारे हाका मारतात. थ्रॉम्बॉक्सेन ही एक हाक आणि एडीपी ही दुसरी. अ‍ॅस्पिरिन पहिली हाक बंद पाडते. जॉन वेन यांनी १९७१ मध्ये अ‍ॅस्पिरिनची ही कार्यपद्धती उलगडली आणि १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. क्लोपिडोग्रेल, प्रासुग्रेल आणि टिकाग्रेलोर ही औषधे दुसरी हाक ऐकणारा पी२वाय१२ नावाचा ग्राहक रेणू अडवतात. झटक्यानंतर सामान्यतः वर्षभर दोन्ही प्रकारची गोळी एकत्र दिली जाते आणि त्यानंतर बहुधा एक गोळी कायम राहते.

यांना सर्वत्र ‘रक्त पातळ करणारी गोळी’ म्हणतात. हा शब्दप्रयोग सोयीचा असला तरी दिशाभूल करणारा आहे. या गोळ्यांनी रक्त पाण्यासारखे होत नाही. प्लेटलेटचे एकमेकींना चिकटणे तेवढे कमी होते. शब्दाचा परिणाम मात्र वागण्यावर होतो. ‘रक्त फार पातळ होईल’ या धास्तीने कोणी दात काढण्याआधी स्वतःच गोळी बंद करतो, कोणी हिरड्यांतून रक्त आले म्हणून, तर कोणी ‘आता बरे वाटते, मग रक्त कशाला पातळ करायचे’ म्हणून.

या गोळ्यांचे मोल किती, याचा पहिला निर्विवाद पुरावा १९८८ मध्ये ‘आयसिस-२’ या चाचणीने दिला. झटका आल्याचा संशय असलेले १७,१८७ रुग्ण तीत होते. पाच आठवड्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या कारणाने होणारे मृत्यू अ‍ॅस्पिरिनविना ११.८ टक्के होते आणि महिनाभर अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत ९.४ टक्के. इतक्या स्वस्त गोळीने शंभरातले दोन-अडीच जीव वाचावेत, ही वैद्यकाच्या इतिहासातली लहान गोष्ट नव्हे. २००१ च्या ‘क्युअर’ चाचणीत अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल दिल्यावर हृदयरोगाने मृत्यू, पुन्हा झटका किंवा पक्षाघात यांचे एकत्रित प्रमाण ११.४ वरून ९.३ टक्क्यांवर आले.

या आकड्यांतच पुढच्या प्रश्नाचे बीज आहे. गोळी घेऊनही ९.३ टक्के रुग्णांना काही ना काही झालेच. त्यांना गोळी लागू का पडली नाही?

क्लोपिडोग्रेलपुरते एक उत्तर यकृतात सापडले. ही गोळी गिळली जाते तेव्हा ती औषध नसते. औषधाचा कच्चा माल असतो. पोटात गेलेल्या मात्रेपैकी सुमारे ८५ टक्के भाग शरीर निष्क्रिय करून टाकते. उरलेल्याचे यकृतातली विकरे दोन टप्प्यांत खऱ्या औषधात रूपांतर करतात. या कामातले मुख्य विकर म्हणजे सीवायपी२सी१९. त्याच्या जनुकाच्या दोन प्रती प्रत्येकाकडे असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. काही प्रतींत अक्षरबदल झालेला असतो आणि तिच्यापासून चालणारे विकर तयारच होत नाही. दोन्ही प्रती अशा असल्या तर गोळी पोटात जाते, पण औषध फारच थोडे तयार होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०१० मध्ये या औषधाच्या माहितीपत्रकावर चौकटीतला ठळक इशारा छापायला लावला, तो याच कारणाने.

भारतीय उपखंडातल्या लोकांत ही निकामी प्रत युरोपीय लोकांपेक्षा बरीच अधिक आढळते. ढोबळमानाने दर तीन प्रतींमागे एक. विद्यार्थ्यांनी येथे थोडे गणित करून पाहावे. निकामी प्रतीची शक्यता एक-तृतीयांश धरली, तर दोन्ही प्रती निकामी असण्याची शक्यता एक-नवमांश, म्हणजे सुमारे ११ टक्के. एकच प्रत निकामी असण्याची शक्यता चार-नवमांश, म्हणजे सुमारे ४४ टक्के. दोन्हींची बेरीज निम्म्याहून अधिक होते. कागदावरचा हा हिशेब प्रत्यक्षाशी जुळतो. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठाच्या ‘जीन्स अँड हेल्थ’ या प्रकल्पात बांगलादेशी व पाकिस्तानी वंशाच्या ब्रिटिश नागरिकांचा अभ्यास झाला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार ५७ टक्के लोकांत किमान एक निकामी प्रत होती आणि १३ टक्क्यांत दोन्ही. झटका येऊन गेल्यावर क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांपैकी ज्यांच्या दोन्ही प्रती निकामी होत्या, त्यांना पुन्हा झटका येण्याची शक्यता सुमारे तिप्पट दिसली.

असे आकडे वाचले की बातमीचा मथळा आपोआप तयार होतो: ‘निम्म्या भारतीयांवर हृदयाची गोळी निष्प्रभ’. विज्ञानाच्या वाचकाने नेमके येथेच थांबायला हवे, कारण या मथळ्यात तीन निरनिराळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली आहे.

‘प्रतिसाद’ या एकाच शब्दाखाली तीन प्रश्न दडलेले असतात. गोळीचे औषधात रूपांतर झाले का, हा पहिला प्रश्न रसायनाचा. प्लेटलेटचे चिकटणे कमी झाले का, हा दुसरा प्रश्न प्रयोगशाळेचा. रुग्णाला पुन्हा झटका आला की तो वाचला, हा तिसरा प्रश्न आयुष्याचा. पहिल्याचे उत्तर ‘कमी’ आले म्हणजे तिसऱ्याचे ‘नाही’ येते, असे गृहीत धरता येत नाही.

याचे मोठे उदाहरण चीनमध्ये आहे. पूर्व आशियातल्या लोकांतही निकामी प्रतीचे प्रमाण मोठे आहे. तरीही २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कमिट’ चाचणीत झटका आलेल्या ४५,८५२ चिनी रुग्णांत क्लोपिडोग्रेलने मृत्यू, पुन्हा झटका किंवा पक्षाघात यांचे प्रमाण १०.१ वरून ९.२ टक्क्यांवर आणले. जनुकाचा अडसर असलेल्या समाजातही, सरासरीच्या पातळीवर, गोळीने जीव वाचवले. एक प्रत निकामी असलेल्या माणसात औषध कमी तयार होते. अजिबात होत नाही असे नव्हे. शिवाय वय, मधुमेह, वजन, मूत्रपिंडाचे आरोग्य, झटक्याची तीव्रता आणि स्टेंटची जागा यांचाही परिणाम होतो. जनुक हा या पंचायतीतला एक पंच आहे, सरपंच नव्हे.

प्रयोगशाळेतल्या प्लेटलेट-चाचणीचा अनुभवही असाच सावध करणारा आहे. ‘प्लेटलेट अजून चिकटतात, तर मात्रा दुप्पट करा’ हा विचार तर्काला पटतो. २०११ च्या ‘ग्रॅव्हिटास’ चाचणीत स्टेंट बसवल्यावरही ज्यांच्या प्लेटलेट सक्रिय राहिल्या होत्या अशा २,२१४ रुग्णांपैकी निम्म्यांना क्लोपिडोग्रेलची दुप्पट मात्रा दिली गेली. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत हृदयरोगाने मृत्यू, झटका किंवा स्टेंटमधील गुठळी यांचे प्रमाण तंतोतंत सारखे, २.३ टक्के निघाले. पुढच्याच वर्षी ‘आर्क्टिक’ या फ्रेंच चाचणीत २,४४० रुग्णांपैकी एका गटाचे औषध प्लेटलेट तपासून बदलले गेले. त्या गटालाही लाभ झाला नाही. यंत्रावरचा आकडा सुधारणे आणि माणूस वाचणे यांत अंतर असते, हा धडा या दोन चाचण्यांनी दिला.

जनुकचाचणीच्या बाजूने पुरावा याहून थोडा बरा आहे, पण तोही निर्णायक नाही. २०१९ च्या ‘पॉप्युलर जेनेटिक्स’ चाचणीत तातडीने अँजिओप्लास्टी झालेल्या २,४८८ रुग्णांपैकी एका गटात जनुक तपासले गेले. ज्यांच्यात निकामी प्रत नव्हती त्यांना क्लोपिडोग्रेल आणि इतरांना अधिक तीव्र औषध मिळाले. गुठळीपासूनचे संरक्षण कमी झाले नाही आणि रक्तस्राव १२.५ वरून ९.८ टक्क्यांवर आला. २०२० च्या ‘टेलर-पीसीआय’ या ५,३०२ रुग्णांच्या चाचणीत निकामी प्रत असलेल्यांना जनुक पाहून औषध दिल्यावर वर्षभरात विपरीत घटना ५.९ ऐवजी ४ टक्के झाल्या. हा फरक आश्वासक होता, परंतु संख्याशास्त्राने आखलेली रेषा तो थोडक्यात चुकला.

मग सर्वांनाच टिकाग्रेलोर का देऊ नये? ते यकृतातल्या रूपांतरावर अवलंबून नाही, त्यामुळे जनुकाचा प्रश्नच मिटतो. २००९ च्या ‘प्लेटो’ चाचणीत १८,६२४ रुग्णांत वर्षभरातल्या मृत्यू-झटका-पक्षाघाताचे प्रमाण क्लोपिडोग्रेलवर ११.७, तर टिकाग्रेलोरवर ९.८ टक्के होते. हा युक्तिवाद वजनदार आहे आणि अनेक हृदयरोगतज्ज्ञ त्यानुसार चालतातही. पण त्याला तीन मर्यादा आहेत. टिकाग्रेलोर दिवसातून दोनदा घ्यावे लागते, क्लोपिडोग्रेल एकदाच. काही रुग्णांना त्याने धाप लागते, आणि ज्याला नुकताच झटका येऊन गेला आहे तो धाप लागली की घाबरून गोळी सोडतो. तिसरी मर्यादा रक्तस्रावाची. प्रासुग्रेलच्या बाबतीत तर ६० किलोंहून कमी वजन, ७५ हून अधिक वय किंवा पूर्वीचा पक्षाघात असल्यास विशेष जपावे लागते. दक्षिण कर्नाटकातल्या शेतमजुराचे वजन त्या रेषेच्या खाली असणे मुळीच दुर्मीळ नाही.

म्हैसूरच्या परिसरात या चर्चेला आणखी एक स्थानिक पदर आहे. कर्नाटक शासनाने पुनीत राजकुमार यांच्या नावाने ‘हृदय ज्योती’ योजना सुरू केली. तालुका रुग्णालयात ईसीजी काढायचा, तो दूरच्या तज्ज्ञांकडे पाठवायचा आणि झटका निश्चित झाल्यास गुठळी विरघळवणारे टेनेक्टेप्लेज हे महागडे इंजेक्शन तेथेच विनामूल्य द्यायचे, असे तिचे स्वरूप आहे. योजना निःसंशय उपयुक्त आहे. गुठळी विरघळवण्याच्या या उपचाराच्या जोडीला पहिल्या तासांत द्यायचे प्रस्थापित औषध मात्र क्लोपिडोग्रेलच आहे. टिकाग्रेलोर काही तासांनी सुरू करणे सुरक्षित असल्याचे २०१८ च्या ‘ट्रीट’ चाचणीने दाखवले, परंतु वर्षभराच्या हिशेबात त्याचा ठळक अधिक लाभ त्या चाचणीत दिसला नाही. म्हणजे नंजनगूड किंवा हुणसूरच्या रुग्णालयात इंजेक्शन मिळालेल्या माणसाच्या बाबतीत क्लोपिडोग्रेल लागू पडते का, हा प्रश्न प्रत्यक्षातला आहे.

आणि तरीही, जनुकाकडे वळण्याआधी आणखी एक पायरी आहे. औषध लागू पडण्यासाठी ते आधी पोटात जावे लागते.

अमेरिकेतल्या ‘प्रीमियर’ या नोंदणीतून २००६ मध्ये आलेली आकडेवारी आजही अस्वस्थ करते. झटक्यानंतर औषधवेष्टित स्टेंट बसवलेल्या ५०० रुग्णांपैकी जवळजवळ सातातल्या एकाने महिनाभरातच क्लोपिडोग्रेलच्या वर्गातली गोळी बंद केली होती. पुढच्या अकरा महिन्यांत गोळी सोडणाऱ्यांत ७.५ टक्के मृत्यू झाले. चालू ठेवणाऱ्यांत ०.७ टक्के. गोळी सोडणारे लोक अधिक वृद्ध, अधिक आजारी आणि खर्चामुळे उपचार टाळणारे होते, त्यामुळे सगळा फरक गोळीच्या खात्यावर जमा करता येणार नाही. तरीदेखील दहापट अंतर दुर्लक्षिण्यासारखे नाही.

भारतात परिस्थिती याहून बिकट आहे. २०११ च्या ‘प्युअर’ अभ्यासात हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या लोकांपैकी श्रीमंत देशांत ६२ टक्के जण प्लेटलेटरोधक गोळी घेत होते. भारताचा समावेश असलेल्या कमी उत्पन्नाच्या देशांच्या गटात अवघे ८.८ टक्के. बंगळुरूच्या सेंट जॉन्स संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या ‘क्रिएट’ नोंदणीत २०,४६८ भारतीय रुग्ण होते. २००८ मध्ये आलेल्या तिच्या निष्कर्षांत गरीब रुग्णांतले तीस दिवसांतले मृत्यू ८.२ टक्के आणि श्रीमंतांतले ५.५ टक्के होते. गरिबांना प्रमाणित उपचार कमी मिळाले होते, हे त्या फरकाचे मोठे कारण होते. येथे निकामी असलेली प्रत जनुकाची नसून व्यवस्थेची आहे.

याखेरीज काही अडथळे जनुक आणि गरिबी या दोहोंच्या मधले आहेत आणि ते दूर करायला फारसा पैसा लागत नाही. ओमेप्राझोल ही ‘अ‍ॅसिडिटीची गोळी’ सीवायपी२सी१९ याच विकराला अडवते. म्हणजे ज्याचे जनुक धडधाकट आहे, त्याचेही विकर ती मंदावते. पँटोप्राझोलचा हा परिणाम बराच कमी असतो, म्हणून गरज पडल्यास ते पसंत केले जाते. पण औषधाच्या दुकानात ‘पोटात जळजळते, काहीतरी द्या’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला क्लोपिडोग्रेल चालू आहे का, हे किती वेळा विचारले जाते? सांधेदुखीसाठी घेतलेले आयबुप्रोफेन अ‍ॅस्पिरिनच्या आधी पोटात गेले, तर अ‍ॅस्पिरिनने बसायची जागा ते आधीच अडवून ठेवते. तंबाखू चालूच राहिला किंवा साखर आटोक्यात नसली, तर धोका वाढतो तो वेगळाच. अशा रुग्णाची प्लेटलेट-चाचणी केली तर ‘प्रतिसाद कमी’ असेच उत्तर येईल, आणि दोष मात्र जनुकाच्या माथी मारला जाईल.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. दुसरा झटका आला की ‘या रुग्णात क्लोपिडोग्रेलला विरोध आहे’ असे लिहिण्याआधी चार गोष्टी तपासल्या जाव्यात. गोळी रोज घेतली जात होती का? बरोबर कोणत्या गोळ्या चालू होत्या? मध्ये कोणी ती बंद करायला सांगितले होते का? आणि ती परवडत होती का? ही चौकशी प्रशिक्षित परिचारिका किंवा औषधनिर्मातीही करू शकते. तिच्यातून उत्तर मिळाले नाही, तर जनुकचाचणीचा खर्च सार्थकी लागेल. पुन्हा झटका आलेले, स्टेंटमध्ये गुठळी झालेले किंवा गुंतागुंतीचे स्टेंट बसवलेले रुग्ण तिच्यासाठी प्रथम निवडावेत. सरसकट सर्वांची चाचणी करण्याइतका पुरावा आज नाही. कोणाचीच करू नये इतका तो दुबळाही नाही.

यावर असा आक्षेप येईल की गोळ्या मोजत बसणे हे विज्ञान नव्हे, ती कारकुनी झाली. या आक्षेपाला म्हैसूरनेच पूर्वी उत्तर देऊन ठेवले आहे.

म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ मेमोरियल रुग्णालयात, ज्याला गावात मिशन हॉस्पिटल म्हणतात, १९३४ पासून जन्मणाऱ्या बाळांचे वजन, लांबी आणि डोक्याचा घेर वहीत नोंदवला जात असे. या नोंदी करणाऱ्यांना त्यांतून पुढे काय निघेल याची कल्पना नव्हती. जवळजवळ सहा दशकांनी संशोधकांनी त्या वह्या उघडल्या, १९३४ ते १९५४ या काळात तेथे जन्मलेल्या आणि म्हैसूरजवळच राहणाऱ्या ५१७ जणांना शोधून काढले आणि त्यांची हृदयतपासणी केली. जन्मतः अडीच किलो किंवा त्याहून कमी वजन असलेल्यांत हृदयधमनीच्या विकाराचे प्रमाण ११ टक्के निघाले, ३.१ किलो किंवा त्याहून अधिक वजन असलेल्यांत ३ टक्के. १९९६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निबंधाने गर्भावस्थेतले पोषण आणि प्रौढपणीचा हृदयविकार यांच्या संबंधाचा भारतीय पुरावा जगापुढे ठेवला. त्याच्या मुळाशी होती ती प्रसूतिकक्षातली नेटकी कारकुनी.

तेच म्हैसूर आज झटक्यानंतरच्या रुग्णांसाठी करू शकते. तेथे जयदेव संस्थेची शाखा आहे. १९२४ साली सुरू झालेले म्हैसूर वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले कृष्णराजेंद्र रुग्णालय आहे. जेएसएस विद्यापीठाचे वैद्यकीय आणि औषधनिर्माणशास्त्र असे दोन्ही विभाग आहेत. मानसगंगोत्रीत म्हैसूर विद्यापीठाचा जीवरसायनशास्त्र विभाग आहे. रुग्ण, औषधशास्त्राचे विद्यार्थी आणि जनुक वाचू शकणारी प्रयोगशाळा ही तिन्ही एका शहरात काही किलोमीटरच्या परिघात असणे हे भाग्य भारतातल्या फार थोड्या गावांच्या वाट्याला आले आहे.

अपेक्षा अवास्तव नाही. झटक्यानंतर घरी जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाची एक नोंद असावी. एक, तीन, सहा आणि बारा महिन्यांनी त्याच्याशी संपर्क साधला जावा. गोळी चालू आहे का, बंद केली असल्यास कोणत्या कारणाने, बरोबर काय घेतले जाते, रक्तस्राव झाला का, पुन्हा दाखल व्हावे लागले का, हे पाच प्रश्न विचारले जावेत. ज्यांची संमती असेल त्यांचा रक्तनमुना जनुकासाठी जपून ठेवला जावा. दोन-तीन वर्षांत या नोंदींतून असे उत्तर निघेल, जे लंडनच्या, ॲमस्टरडॅमच्या किंवा बीजिंगच्या आकड्यांवरून काढता येणार नाही: कन्नड मुलखातल्या कष्टकरी माणसात गोळी लागू न पडण्याचे कारण किती वेळा जनुक असते, किती वेळा दुसरी गोळी, आणि किती वेळा रिकामे पाकीट.

असा पाठपुरावा जमतो, याचाही पुरावा भारतातच आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्प्रेड’ अभ्यासात देशातल्या १४ रुग्णालयांतल्या ८०६ हृदयरुग्णांपैकी निम्म्यांना प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ते नियमित भेटत राहिले, चित्रे दाखवून समजावत राहिले. वर्षअखेरीस त्या गटात औषधे नीट घेणारे ९७ टक्के होते. दुसऱ्या गटात ९२ टक्के. फरक लहान वाटेल. पण ही रुग्णालये अभ्यासात सहभागी झालेली, म्हणजे आधीच काळजी घेणारी होती. जेथे वर्षभरात कोणी विचारतच नाही, अशा ठिकाणी असा पाठपुरावा किती फरक पाडील, हे तपासण्याजोगे आहे.

या कामाला एक धोकाही आहे. गोळ्या मोजण्याचे रूपांतर रुग्णाला दोष देण्यात सहज होते. ‘त्याने गोळी घेतली नाही’ असे लिहिले की डॉक्टर, रुग्णालय आणि शासन सगळेच मोकळे. म्हणून नोंदीत ‘घेतली नाही’ हे उत्तर नसावे. तेथून प्रश्नाची सुरुवात व्हावी. गावातल्या दुकानात ती मिळाली नाही का? सरकारी रुग्णालयात महिन्याची गोळी मिळते, पण ती आणायला मजुरीचा दिवस बुडतो का? किती दिवस घ्यायची हे त्याला समजेल अशा भाषेत कोणी सांगितले होते का? ही उत्तरे आल्यावर कोणाला काय सुधारायचे ते ठरेल, आणि पुष्कळदा सुधारणा रुग्णाला सोडून इतर सर्वांना करावी लागेल.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी या विषयातून घेण्याजोगी गोष्ट हीच आहे. सीवायपी२सी१९ चे जनुक वाचता येणे ही मोठी विद्या आहे आणि पुढच्या काही वर्षांत ती म्हैसूरच्या बाह्यरुग्ण विभागात पोहोचायलाच हवी. पण औषधाचा गुण ही रेणू आणि ग्राहक यांच्यापुरती घटना नसते. तिच्यात यकृत असते, तसे औषधाचे दुकान असते. प्लेटलेट असते, तशी एसटीची वेळही असते. यांतला जो दुवा तुटलेला असेल तो आधी शोधणे हीच शास्त्रीय पद्धत होय.

झटक्यातून वाचलेल्या माणसाला आज घरी सोडताना कागदावर गोळीचे नाव, मात्रा आणि वेळ लिहून दिली जाते. त्याच कागदावर आणखी एक ओळ हवी: ही गोळी आम्हाला विचारल्याशिवाय बंद करू नका, आणि ती लागू पडते आहे की नाही हे विचारायला अमुक तारखेला आम्हीच संपर्क साधू. ही ओळ लिहिण्याचा आणि पाळण्याचा निश्चय म्हैसूरच्या रुग्णालयांनी केला, तर त्यासाठी नव्या समितीची गरज पडणार नाही.